इरा कोणाकडे धरायची?

माझ्याकडे येणारा माणूस खुर्चीत टेकता टेकताच सांगायचा, "काकू, माझं एकदम सिंपल आहे. लपवण्यासारखं काही नाही." आणि मग उठून दार लावून घ्यायचा. इथे ऑस्ट्रेलियात, हॅरिस पार्कमध्ये एका वाणसामानाच्या दुकानावर माझी एका खोलीची कचेरी होती. खालून दिवसभर हिंगाचा आणि अगरबत्तीचा वास यायचा. त्या वासात आपल्या लोकांचे टॅक्स रिटर्न भरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी परवाना परत केला, किल्ली मालकाला दिली आणि घरी बसले. घरी बसलेल्या बाईला आपल्या मंडळाचे लोक स्वस्थ बसू देत नाहीत, म्हणून हा लेख. "काहीतरी गमतीचं लिहा, दिवाळी आहे," असं मला बजावण्यात आलंय. प्रयत्न करते, पण शब्द देत नाही.

मी नाशिकहून इथे कशी आले, कोणत्या परीक्षा दिल्या, हे सांगत बसत नाही. ते माझ्या नवऱ्यालाही ऐकवत नाही. धंदा मात्र समजावून सांगते, कारण भारतातल्या लोकांना टॅक्स एजंट म्हणजे सीएचं धाकटं भावंड वाटतं आणि इथल्या लोकांना दातांच्या डॉक्टरसारखं, वर्षातून एकदा नाइलाजाने जायचं ठिकाण. इथलं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं. जुलैच्या थंडीत लोक जॅकेटं घालून जिना चढून यायचे. पगारातून जास्त कर कापला गेला असेल तर तो परत मिळतो. हा रिफंड आपल्या लोकांना प्रसादासारखा वाटतो. शेजाऱ्याला मिळाला म्हणजे आपल्यालाही मिळालाच पाहिजे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक टॅक्सीवाले काका वर्षभराच्या पावत्या पेढ्यांच्या खोक्यात घेऊन यायचे, आणि त्या पावत्यांना तूप लागलेलं असायचं. महामारीत सगळे घरून काम करायला लागले तेव्हा घरातल्या कामाच्या जागेचा खर्च वजा करून मागायची टूम निघाली. गुंगालिनला राहणाऱ्या एका आयटीवाल्या मुलाचा फोन आला. फ्लॅट लहान, म्हणून त्याने टेबल देवघरात टाकलं होतं. वीज धरली, इंटरनेट धरलं, मग म्हणाला, "काकू, दिव्याचं तेल पण धरा ना. वर्किंग अवर्समध्येच लागतं."

मी म्हटलं, "का रे, देव तुझ्या टीममध्ये आहे का?"

"रोज सकाळच्या मीटिंगला समोर असतो की!"

तेल काही मी धरलं नाही. पण त्या वर्षात मला मनापासून हसवणारा तो एकटाच होता, म्हणून त्याचा उल्लेख केला. गंमत इथे संपली. संपादकांनी हवं तर इथेच कात्री चालवावी.

लोकांना वाटतं आमचं काम आकड्यांचं. आकडे आता कॉम्प्युटरच आणून ठेवतो. आमच्या वाट्याला उरतात ते प्रश्न. जोडीदार आहे का? मुलं किती? कोणावर अवलंबून? हे प्रश्न छापील असतात आणि मी ते छापील आवाजातच विचारायचे, कारण आवाजात जरा माया आणली की समोरचा माणूस रडायला लागतो आणि पुढची अपॉइंटमेंट खोळंबते. माझी जीभ तशी पहिल्यापासूनच जरा कोरडी. धंद्यात तिचा उपयोग झाला.

सायली आणि ओंकार पहिल्यांदा आले ते जोडीने. दोघंही पुण्याकडचे, दोघंही सॉफ्टवेअरमधले, पॅरामाटा स्टेशनजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारे. लग्न झालेलं नव्हतं. ओंकारचं आधीचं एक लग्न मोडलं होतं आणि त्या घटस्फोटाची केस पुण्याच्या कोर्टात लोंबकळत होती. सायलीच्या आईला हे ठाऊक होतं. बाकी नातेवाइकांना "त्यांनी तिकडेच रजिस्टर केलं" असं सांगून आई मोकळी झाली होती.

मी दोघांच्याही रिटर्नमध्ये जोडीदाराच्या जागी एकमेकांची नावं घातली. सायली दचकलीच. "काकू, आमचं लग्न नाही झालंय अजून!"

मी तिला समजावलं. इथलं कर खातं कुंकू-मंगळसूत्र विचारत नाही. एका छपराखाली संसार करताय ना, मग तुम्ही त्याच्या हिशेबी नवरा-बायकोच.

ती खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "पण हे इंडियात कुणाला दिसणार नाही ना?"

ओंकार मोठ्याने हसला. "घे! आपलं लग्न शेवटी टॅक्सवाल्यांनी लावलं." मीही हसले. खाली दुकानातून पेढे मागवले. त्या वेळी सायलीला दिवस गेलेले होते.

इरा झाली. बाळंतपणाला सायलीची आई चिंचवडहून आली. सायलीचे वडील आधीच वारले होते, आई मुलाकडे आणि सुनेकडे राहायची. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. मग सायलीची रजा संपली. इराला पाळणाघरात घातलं की ती तापाने फणफणायची, मग आई किंवा बाप कामावरून घरी. दोघांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. आजीचा व्हिसा संपत आला तेव्हा आजीच म्हणाली, "मी घेऊन जाते तिला. थोडी ठणठणीत झाली की न्या."

हे आपल्याकडे सर्रास चालतं. या लेखाच्या वाचकांपैकी कितीतरी जणांनी केलं असेल. गोऱ्या शेजारणीला सांगितलं तर तिच्या भुवया कपाळात जातात, आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. आपण स्वतः कधी मामाकडे, कधी आत्याकडे वाढलेलो असतो. दिवाळीनंतर आजी इराला घेऊन चिंचवडला गेली. सायली पुढच्या जूनमध्ये आणायला जाणार होती. मार्चमध्ये महामारीमुळे सीमा बंद झाल्या.

भारतातल्या लोकांना एक गोष्ट माहीत नसेल, म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियाने त्या काळात बाहेरच्यांना आत येणं बंद केलंच, पण आपल्या माणसांना बाहेर जाणंही बंद केलं. देश सोडायचा तर परवानगी काढावी लागे आणि तिच्यासाठी सबळ कारण दाखवावं लागे. एकट्या लहान मुलाला विमानात बसवून आणण्याची सोय नव्हती. कोणीतरी जायला हवं होतं.

जुलैमध्ये सायलीने व्हिडिओवर फोन केला. मागे भिंतीशी खोकी रचलेली दिसत होती. "काकू, ओंकार आणि मी आता सेपरेट राहतोय," ती म्हणाली. "मूव्ह झाला तो. ग्रॅनव्हिलला."

मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काहीच झालं नाही. तेच तर. दिवसभर एका डायनिंग टेबलवर दोघांचे लॅपटॉप, आणि संध्याकाळी त्याच टेबलवर इराचा कॉल. कॉल संपला की भांडण. तिला पाठवायचं कुणी म्हटलं, यावरून." मग डोळे पुसून तिने एकदम कामाचा आवाज काढला. "तर इरा माझ्याकडे धरा."

दोन दिवसांनी ओंकार मास्क लावून स्वतः आला. पहिलं वाक्य तेच. "काकू, इरा माझ्याकडे धरा."

इथे जरा थांबून नियम सांगते. आईबाप वेगळे राहत असतील तर मूल कोणाचं, हे सरकार रक्तावरून ठरवत नाही. ते रात्री कोणाच्या घरी झोपतं यावरून ठरवतं. आठवड्यातल्या किती रात्री आईकडे, किती बापाकडे, त्या प्रमाणात मुलासाठी मिळणारी सरकारी पैशांची मदत वाटली जाते. एकाच मुलाच्या सगळ्या रात्री दोघांना मिळत नाहीत. टॅक्समध्ये मुलाचं नाव दोघांनी लावलं तर एक वेळ भागतं, पण मदत खात्यात दोघांनी "सगळ्या रात्री माझ्याकडे" असं सांगितलं की गाडी अडते.

दोघंही माझे जुने अशील, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा आमचा धर्म. मी दोघांनाही वेगवेगळं बजावलं की एकाने दुसरा एजंट बघा. ओंकार म्हणाला, "परत पहिल्यापासून सगळं कोणाला सांगू?" सायली अगदी तेच म्हणाली. शेवटी दोघांची लेखी संमती घेतली आणि कामाला लागले.

सायलीला मी विचारलं, "इरा आहे कुठे आत्ता?"

"चिंचवडला."

"मग तुझ्याकडे कशी?"

"अहो काकू, आईकडे आहे ना माझ्या! आजीकडे म्हणजे माझ्याकडेच. परक्याकडे थोडीच ठेवलीय?"

ओंकारला विचारलं तर तो जरा चिडलाच. "तिला रोज संध्याकाळी गोष्ट मी सांगतो. डॉक्टरशी मी बोलतो. तिच्या औषधाचा डोस आजीला फोनवर मी समजावतो. मग ती माझ्याकडे नाही तर कोणाकडे?"

दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. आपल्या माणसांच्या डोक्यात आजीचं घर हे वेगळं घर नसतंच. ते आपल्याच घराची लांबची खोली असते. पण सरकारच्या नकाशावर चिंचवड ऑस्ट्रेलियात येत नाही. मी दोघांनाही निक्षून सांगितलं, मूल देशाबाहेर आहे हे आधी कळवा. नुसतं टॅक्सचं काम मी केलं. मदतीचा अर्ज माझ्या अखत्यारीत येत नाही, तो लोक स्वतःच करतात. या दोघांनीही आपापल्या फोनवर तो केला, आणि दोघांनीही तेच भरलं. इरा सगळ्या रात्री माझ्याकडे.

मदत खात्याने अर्थातच दोघांना विचारणा केली, आणि दोघंही धावत माझ्याकडे. पुरावे काय, तर सायलीकडे इराच्या कॉलचे ढीगभर व्हिडिओ. ओंकारकडेही ढीगभर व्हिडिओ. मी म्हटलं, "अरे, ही मुलगी तुमच्या दोघांच्याही फोनमध्येच राहते. घरात कोणाच्याच नाही." बोलले आणि वाईट वाटलं. पण बोलले.

एव्हाना ते भांडण मदतीचं राहिलंच नव्हतं. दोघांनाही बरे पगार होते. मदतीतून मिळालं असतं ते फुटकळ. भांडण नोंदीचं होतं. सायलीला इराला आणायला जायचं होतं. देश सोडायची परवानगी मागताना तिला दाखवायचं होतं की मूल तिच्या सांभाळात आहे आणि ती गेल्याशिवाय ते येऊ शकत नाही. आणि सरकारदरबारी नोंद काय, तर सांभाळाबद्दल वाद. त्यात ओंकारने वकिलाकडून पत्र पाठवलं होतं की कोर्टात सांभाळाचा निकाल लागेपर्यंत मुलीला कोणी एकाने हलवू नये. सायलीचा अर्ज फेटाळला गेला. तिने दुसरा केला, तोही परत आला.

लॉकडाऊन जरा सैल झाला तेव्हा ती कचेरीत येऊन बसली होती. बोलता बोलता चिंचवडहून फोन आला. तिने पडदा माझ्याकडे वळवला. इरा आता चांगली चुरूचुरू बोलायला लागली होती. हातात पोळीचा तुकडा, तोंडाला तूप. तिच्यामागे सायलीची वहिनी, कडेवर स्वतःचा मुलगा रोहन. रोहन इराहून थोडाच मोठा.

"इरा, बघ कोण आहे?" वहिनी म्हणाली.

"फोनआई," इरा म्हणाली. मग मागे वळून वहिनीच्या गाउनला लटकत म्हणाली, "आई, मला पण घे ना कडेवर."

वहिनीचा चेहरा उतरला. "ताई, अहो, रोहनचं ऐकून म्हणते ती. मी सारखी सांगते तिला, मामी म्हण."

"असू दे गं वहिनी. नो वरीज," सायली हसत म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ टेबलावरचा माझा स्टेपलर उघडत-मिटत बसली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही बोला ना त्याच्याशी. त्याने क्लेम मागे घेतला तर मला जाता येईल. तुमचं ऐकेल तो."

हे माझं काम नव्हतं. रिटर्न भरून देणाऱ्या बाईने घरं सांधायला जाऊ नये. पण सायलीकडे जायला दुसरं कोणी नव्हतं. नातेवाइकांच्या लेखी यांचं रजिस्टर लग्न सुखाचं चाललं होतं, मग भांडण कोणाला सांगणार? म्हणून मी ओंकारला बोलावलं. तोवर नियम पुन्हा कडक होऊन खोलीत दोन माणसांना बसायला मनाई झाली होती, म्हणून खाली शेजारच्या मिठाईच्या दुकानासमोरच्या बाकावर, मध्ये अंतर ठेवून बसलो.

"तू मागे घे," मी म्हटलं. "तिला जाऊ दे. पोर आधी घरी येऊ दे, मग काय भांडायचं ते भांडा."

त्याने मास्क खाली ओढला. दाढी वाढली होती. "काकू, मी एका केसमध्ये ऑलरेडी आहे. किती वर्षं, तुम्हाला माहितेय. तिथे मी एकच शिकलो. पेपरवर नसलात की तुम्ही नाहीच. आज मी लिहून दिलं की इरा सायलीकडे असते, तर ती इथे आल्यावर मी कोण? एव्हरी सेकंड वीकेंडचा पाहुणा?"

"आणि आज कोण आहेस?"

"आज निदान वाद तरी आहे," तो म्हणाला. "वादात माझं नाव आहे."

मला त्याचा संताप आला. कीवही आली. मी त्याला फटकारलं, म्हटलं, "तुमचं दोघांचं इथे चाललंय आणि पोर तिथे दुसरीला आई म्हणायला लागलीय." हे सांगायला नको होतं, की सांगायलाच हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही. तो खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "कोर्टाची डेट लागू दे. आधी ठरू दे सगळं नीट. मग आणू." आणि स्टेशनच्या दिशेने गेला.

ठरू दे, मग आणू. आपल्याकडच्या कोर्टांनी माणसांना लावलेली ही सवय. निकालाची वाट बघत लोक केस पिकवतात. मूल मात्र निकालासाठी थांबत नाही. ते वाढतच राहतं, आणि जो समोर असतो त्याच्याकडे बघून वाढतं.

पुढच्या एप्रिलमध्ये पुण्यात दुसरी लाट आली. ते दिवस सगळ्यांना आठवतात. मी लिहीत नाही. सायलीच्या आईला ऑक्सिजनची खाट मिळाली ती फार उशिरा. सायलीला बातमी फोनवर कळली, अंत्यसंस्कारही तिने फोनवरच पाहिले. म्हणजे, रुग्णवाहिकेचं मागचं दार तेवढं दिसलं. भाऊही पॉझिटिव्ह होता. वहिनी एकटी दोन मुलांना घेऊन आतल्या खोलीत.

त्याच दिवशी ओंकारचा फोन आला. आवाज ओळखूच येईना. आजीशी तो रोज बोलायचा, हे मला विसरायला झालं होतं. औषधाचे डोस तोच तर सांगायचा. "काकू," तो म्हणाला, "मागे कसं घ्यायचं ते सांगा. आत्ताच घ्यायचंय."

मी त्याला फोनवर ठेवून सगळं करून घेतलं. वकिलाला त्याने स्वतः कळवलं. सांभाळाचा वाद मिटल्याची नोंद झाली. सायलीने नवा अर्ज टाकला. आणि त्याच सुमारास भारताहून येणारी विमानंच बंद झाली. इथल्या नागरिकांनी भारतातून परत येणं काही काळ गुन्हा ठरलं होतं. आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ओंकार मला दर दोन दिवसांनी विचारायचा, "आता तर मी घेतलं ना मागे? मग आता का अडलंय?" जणू विमानं मीच अडवून ठेवली होती. मी काय सांगणार? त्याने जे अडवलं होतं ते सुटलं होतं, आणि जे आता अडलं होतं ते त्याच्या हातात नव्हतं. हे त्यालाही कळत होतं.

सायली शेवटी परवानगी मिळून वसंत ऋतू सुरू होताना गेली. इथला वसंत, म्हणजे सप्टेंबर. विमानतळावर सोडायला ओंकार गेला होता, हे मला तिनेच सांगितलं. त्याने इरासाठी एक पिशवी दिली होती. गोष्टींची पुस्तकं, कांगारूचं बाहुलं, आणि तिला लहान झालेले, कधी काळी घेतलेले बूट. मापाचा अंदाज कोणालाच राहिला नव्हता.

त्यानंतर मला तिचा एक फोन आला. टॅक्सची काहीतरी शंका होती, पण शंका दोन वाक्यांत संपली. मग ती म्हणाली, "काकू, मी दारात पोचले तर ती वहिनीच्या मागे लपली. मला म्हणाली, तू फोनमधून बाहेर कशी आलीस?" आणि हसायला लागली. हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी नुसती ऐकत बसले. कोरड्या जिभेचा माणूस अशा वेळी फार निरुपयोगी असतो.

ती तिकडे राहिली. कंपनीने तिकडून काम करायची मुभा दिली होती. ती इराला भरवायची, बागेत न्यायची, दुपारी शेजारी घेऊन निजायची. जाग आली की इरा उठून वहिनीच्या खोलीत जायची. वहिनी बिचारी माघार घ्यायची, दोन दिवस माहेरी जाऊन राहिली, तर इराला ताप भरला. या प्रकरणात मला वाईट कोणीच सापडलं नाही. एकजण जरी वाईट असता तरी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

पुढच्या वर्षी सीमा उघडल्या होत्या, मास्क हनुवटीवर आले होते, लोक महामारीबद्दल भूतकाळात बोलायला लागले होते. जुलैत सायली आली. एकटी. कंपनीने परत बोलावलं होतं. मी पाणी दिलं, इकडचं तिकडचं विचारलं. मग प्रश्न सुरू केले.

"जोडीदार?"

"नाही."

"अवलंबून असलेली मुलं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "शून्य लिहा."

मी हात थांबवला. छापील आवाज मला काही काढता येईना. "सायली, अगं, तुझी मुलगी आहे ती. थोडे दिवस रडली असती, मग रुळली असती. मुलं रुळतात."

"हो ना. रुळली ना," सायली म्हणाली. "एकदा माझ्यापासून तुटली, एकदा आजीपासून. आता तिसऱ्यांदा तिच्या आईपासून तोडू?"

तिने हे अगदी शांतपणे म्हटलं. तिच्या आईपासून. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात गेलं असेल. ओघात गेलं नव्हतं.

"आता मला फोनआई नाही म्हणत," ती म्हणाली. "आत्या म्हणते. रोहन म्हणतो ना, म्हणून. बरं वाटतं तसं. खरीखुरी कोणीतरी झाले एकदाची." मग पर्समधून पेन काढून म्हणाली, "कुठे साइन करायची?"

मी शून्य लिहिलं. ती गेल्यावर पुढची अपॉइंटमेंट मी रद्द केली. त्या खोलीत असं मी कधी केलं नव्हतं. खाली जाऊन चहा घेतला आणि नवऱ्याला फोन करून म्हटलं, या वर्षानंतर पुरे. तो म्हणाला, हे तू दर वर्षी म्हणतेस. या वेळी खरंच म्हणत होते.

ओंकार महिनाभराने आला. त्याची पुण्याची केस संपली होती, घटस्फोट मिळाला होता. ते त्याने येताच सांगितलं, आणि काय करू या बातमीचं, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मी अभिनंदन केलं नाही. त्याचे पगाराचे आकडे तपासले, विम्याचं बघितलं, आणि प्रश्नांपाशी आले.

"सायली येऊन गेली का?" त्याने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. तुला माहीत आहे."

"हो. माहितेय."

"मुलं?" मी विचारलं. "अवलंबून असलेली?"

मी घाई केली नाही. खालच्या दुकानात कोणीतरी पोती उतरवत होतं, तेवढाच आवाज. मला वाटलं, हा आता परत म्हणणार, इरा माझ्याकडे धरा. म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडले नसते.

"तिने जे लिहिलं असेल," ओंकार म्हणाला, "तेच माझं लिहा."

"तिने काय लिहिलं ते मी तुला..."

"सांगू नका. फक्त तेच लिहा."

मी शून्य लिहिलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. सही करण्याआधी माणसाने सगळं वाचायचं असतं, तसा नियम आहे, आणि मी तो त्याला सांगितला. त्याने न वाचताच सही केली.